लिफ्टवरची लाल गाडी

लेइदाने बटण दाबलं, गाडी वर गेली
आणि आम्ही तिच्या पोटाखाली उभे राहिलो,
रायवो, मी, आणि विकणाऱ्याचा अबोल भाऊ.
वरून ती अजून लाल होती.
खालून तार्तूच्या रस्त्यांवरचं
अकरा हिवाळ्यांचं मीठ.

लेइदा टॉर्च फिरवत बोलत गेली.
क्लच, तीन हजार दोनशे युरो,
त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचा, म्हणजे माझे दोन दिवस,
आणि माझे दिवस स्वस्त नाहीत.
ब्रेकच्या चकत्या...
"हे बसून ऐक."

रायवो हसला. तो पहाटे दोनपासून पाव भाजतो,
आजही भट्टीवरून थेट आलाय.
सात वर्षं साठवलेत त्याने.
किंमत बरोब्बर तेवढीच आहे,
आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

"किंमत उतरते रे," लेइदा म्हणाली,
"पण गाडी जुनी झाली
हे सुट्या भागांना कुणी कळवत नाही."

मग गाडी खाली आली. भावाने किल्ली फिरवली.
आठ सिलिंडर.
टेबलावरचे पाने थरथरले.
लेइदा हात पुसत राहिली,
जरा जास्तच वेळ.

मी अंदाजपत्रकाच्या पाठीवर भागाकार मांडला:
एक क्लच भागिले एक काळा पाव.
भाग संपेना. चकत्या तर अजून मांडल्याच नव्हत्या.

मान वर केली तेव्हा रायवो
बॉनेटवर तळवा टेकून उभा होता,
ताप बघावा तसा.
हात उचलला, तर लालावर
पिठाचा पंजा.