धोटा

वडकबाळच्या पुलाखाली, सकाळी सहाला,
बिभीषण कोळ्याने डांबराचा डबा बाजूला सारला
आणि नाव पाण्यात ढकलली.
नानांनी ती पुढून पाहिली, मागून पाहिली.
"हा तर धोटा," म्हणाले,
जरा मोठ्यानेच. त्यांचा स्वतःचा आवाजही
हल्ली त्यांना लांबून येतो.

एकतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या शेडात,
अठरा माग एका पत्र्याखाली.
डावा कान आधी गेला.
उजवा फक्त सुट्टीच्या दिवशी चालतो, असं आई म्हणायची.
आई गेल्यापासून मी त्यांच्याशी ओरडून बोलते:
गोळी घेतली का. गॅस बंद केला का.
ओरडून बोलायच्या गोष्टी तेवढ्याच असतात.

सीना एरवी नदी नसते.
वाळूचे खड्डे असतात, मधे म्हशी.
पण उजनीचं पाणी बोगद्यातून सोडलंय,
आणि वाटेत कुणी उपसू नये म्हणून
दोन्ही काठांची वीज तोडलीय, संध्याकाळपर्यंत.
एकही मोटर चालू नाही.
"असं गप पाणी," बिभीषण म्हणाला,
"म्या ल्हान हुतो तवा बगितलेलं."
मग तोही गप्प झाला.

वल्हं उचललं की त्याच्या टोकावरून
थेंब पडतात. ते मोजता येतात.
ऊस. मग वेडी बाभूळ. मग परत ऊस.
एक खंड्या आमच्यापुढे तारेवरून तारेवर,
जणू वाट दाखवायचे पैसे घेतलेत.

दहाच्या सुमाराला नानांनी हात वर केला. थांब.
बाभळीवर, दोन पुरुष उंच,
गेल्या पुराने टांगलेली चादर.
चिखल वाळून तिचा रंग गेलेला, मोर मात्र दिसत होते,
उलटे लटकलेले चार मोर.
नाना बराच वेळ मान वर करून बसले.
"किनार बघ," म्हणाले. "सुटली नाही."
कुणाच्या अंगावरची असेल, हे मी विचारलं नाही.
त्यांनीही नाही.

बंधाऱ्यापाशी नाव उचलून पलीकडे न्यावी लागली.
बिभीषण पुढे, मी मागे,
आणि मधे नाना, एका हाताने नुसता स्पर्श करत,
आपणच उचललीय अशा चेहऱ्याने.
सावलीत कडक भाकरी फोडली.
तिचा आवाज झाला, कट्, आणि समोरची टिटवी उडाली.
शेंगाचटणी नानांच्या मिशीवर. मी खूण केली,
त्यांनी दुसरीच बाजू पुसली.

दुपारी कधीतरी लक्षात आलं
की मी किती तास झाले ओरडले नाही.
ते मागे बोट दाखवायचे: नावेमागून निघणारी रेघ,
"बाणा सुटतोय."
मी मान हलवायची.
पाण्यात जे ऐकू येत नव्हतं
ते आम्हा दोघांना सारखंच ऐकू येत नव्हतं.

"धोटा परत येतो," नानांनी बिभीषणला विचारलं,
"तुझी नाव?"
"टेंपोतनं," तो म्हणाला. "पालथी. सातशे घेतो."

कुडलच्या अलीकडे सूर्य डोळ्यांवर आला.
पुढे सीना भीमेला मिळते तिथे
दोन पाणी काही अंतर शेजारी शेजारी चालतात,
एक मातकट, एक हिरवट, मधे एक वाकडी शिवण.
देवळाच्या पायऱ्यांवर कुणी भांडी घासत होतं.
बिभीषणने नाव एका मोटरीच्या पाइपाला टेकवली
आणि बिडी काढली.

नानांचा तळवा नावेच्या काठावर होता.
एकदम ते ताठ बसले.
"लाइट आली."

मला काही ऐकू आलं नाही.
बिभीषणने काडी हवेत धरली, ऐकलं, मान हलवली.
मी माझा हात त्यांच्या हाताशेजारी
लाकडावर ठेवला.
आधी काहीच नाही.
मग आतून, डांबराच्या खालून,
बारीक थरथर.
मग काठाकाठाने एकेक मोटर,
आणि आमच्या खालचं पाणी
उसाकडे निघालं.