कोरं पाणी

महापे, एमआयडीसी, दुसरा मजला.
रात्री साडेनऊला मी आर्गॉनची चावी फिरवते.
सिलिंडर सुसकारतो,
काचेमागे क्वार्ट्‌झची नळी,
तिच्या पोटात नळी, तिच्याही पोटात नळी,
भोवती तांब्याचे तीन वेढे.
एक ठिणगी.
तेवढ्यानं एखादा इलेक्ट्रॉन घरातून सुटतो,
वेढ्यातल्या लहरी त्याला गरगर फिरवतात,
तो दुसऱ्याला धक्का देतो, दुसरा तिसऱ्याला,
आणि फट्‌दिशी उभी राहते ज्योत.

ज्योत, ही आपली म्हणायची पद्धत.
जळत काहीच नाही.
तेल नाही, वात नाही, काजळी धरत नाही.
सूर्याच्या पाठीहून तापलेला
अंगठ्याएवढा पांढरा ठिपका,
आणि काचेपलीकडे, दोन खोल्या सोडून,
मी डबा उघडून भेंडीची भाजी खाते.

नमुना एकवीस. चिंबोरी. दिवाळे, खाडी.
जोमादादानं स्वतः आणली,
सुतळीनं बांधलेली, जिवंत, ओल्या गोणपाटात.
एकच? मी विचारलं.
“बाकीच्या इकाच्या हान.”
फॉर्मवर कुठला धातू, कुठली पद्धत, असे रकाने होते.
त्यानं अंगठ्यानं ते सगळे झाकले.
“खावाची का नाय, येवराच सांग, बाय.”

नांग्या, पोटातला पिवळा गर,
चिखलातून तिरकं पळण्याची सवय,
सगळं नायट्रिकमध्ये विरलं.
उरलं फिकट, पारदर्शक, पन्नास मिलिलिटर.

पण आधी कोरं पाणी.
ज्यात काहीच नाही असं पाणी
ज्योतीला दाखवावं लागतं,
नाहीतर तिला कळणार कसं
की काहीतरी म्हणजे किती.
आज कोऱ्या पाण्यातही सोडिअम निघालं.
ओतलं, बाटली धुतली, पुन्हा भरलं.
पुन्हा सोडिअम.
मग दिसलं, हातमोज्याला करंगळीपाशी भोक.
माझाच घाम.
कॉलेजात काहीतरी शोधायला शिकवतात.
काहीच नाही, हे नीट करायला
मला इथे चार वर्षं लागली.

साडेबाराला एकवीसची पाळी.
नळी थोडं पाणी ओढते, त्याचं धुकं होतं,
जड थेंब वाटेतच गळून खालच्या कॅनमध्ये जातात,
शंभरातले अठ्ठ्याण्णव.
ज्योतीपर्यंत पोचतात ते दोन.
त्या दोघांच्या साक्षीवर सगळ्यांचा निवाडा.
आत गेल्यावर कुणी कुणाचं राहत नाही,
मीठ मीठ नाही, मांस मांस नाही,
प्रत्येक अणू सुटा.
तापतो, इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो,
आणि उतरताना हातातला प्रकाश टाकतो.
जस्ताचा त्याचा, तांब्याचा त्याचा,
शिशाचा दोनशेवीस नॅनोमीटरच्या जरा पुढे,
डोळ्यांना न दिसणारा.
मला दिसतं ते फक्त यट्रिअम,
मीच मोजून घातलेलं,
बुडाशी तांबडं, वर निळसर.
त्याचा आकडा ढळला
तर बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा नाही.
ढळला नाही.

शिसं: शून्य पूर्णांक चार एक.
मर्यादेच्या आत. जेमतेम.
तीनदा वाचलं, तिन्ही वेळा तेच.
प्रिंटरनं पानाच्या तळाशी
नेहमीची ओळ छापली:
निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता.

पहाटे सहाला फोन. मागे बोटीचं इंजिन.
“काय म्हनतं तुमचा इस्तव?”
इस्तव नाही तो, म्हणणार होते. राहू दिलं.
मी आकडा सांगितला, एकक सांगितलं,
मर्यादा म्हणजे काय तेही सांगू लागले.
तो गप्पच.
शेवटी म्हटलं, दादा,
ती एक खायला हरकत नव्हती.

इंजिन थोडा वेळ तसंच चालू.
“ती तं तुमीच खाल्ली.”