भोंगा

उणे ऐंशीचा फ्रीझर आज रिकामा करायचाय.
बाहेर सेहेचाळीस. मे महिना, अमरावती रोड,
कूलर वाळ्याच्या ओल्या टट्टीतून
जेमतेम श्वास घेतोय.
हातमोज्यांवर हातमोजे चढवून
एकेक खोका बाहेर काढते.
बर्फाखालून माझंच अक्षर निघतं,
बत्तिशीतलं, तिरपं, घाईचं.

एकतीस वर्षं एका प्रथिनामागे गेली.
लोक विचारायचे, सापडलं का औषध?
म्हणायची, नाही, एक बटण सापडलंय,
ते बंद का होत नाही ते बघतेय.
मोठी मावशी म्हणाली,
काहून वो, मिस्त्री बोलाव ना मंग.

पेशीला बाहेरून निरोप येतो : वाढ.
दारावरचं प्रथिन तो घेतं, आतल्याला देतं,
आतला त्याच्या आतल्याला.
देताना खांद्यावर फॉस्फेटची खूण ठेवायची,
काम झालं की काढून घ्यायची.
काढून घेणं महत्त्वाचं.
हे मला पुस्तकाआधी
बाबांच्या गिरणीनं शिकवलं होतं.

पहिल्या भोंग्याला पाचपावली उठायची,
दुसऱ्याला सायकली,
तिसऱ्याला माग.
मग गिरणी बंद पडली. भोंगाही.
बाबा तरी पावणेसहाला उठून डबा मागायचे,
सायकल फाटकापर्यंत नेऊन उभे राहायचे.
आई म्हणायची, अवो, वाजला नाही भोंगा.
ते म्हणायचे, मले आयकू आला.

डार्करूमच्या लाल दिव्यात
एका रात्री फिल्म धुतली.
पेशींचं सीरम चोवीस तास काढून घेतलेलं,
निरोप यायला वाटच नव्हती.
तरी पट्टी उमटली. काळी, ठळक.
कोणी बोलावलं नव्हतं आणि प्रथिन जागं होतं.
अंधारात माझ्या तोंडून निघालं,
बाबा.

दौलत तागडे, लॅब अटेंडंट.
त्यानं धुतलेल्या बाटलीत कधी बुरशी धरली नाही.
दुपारी व्हरांड्यात
प्लास्टिकच्या कागदात खर्रा घोटत बसायचा,
सेंट्रिफ्यूजच्या वरून ती घासघीस ऐकू यायची.
मी रागवायची.
तो म्हणायचा, मॅडम,
तुमचं रिसर्च चालू राहाले पायजे ना.
मी हसले होते.
हे कुठल्याच नोंदवहीत नाही, म्हणून लिहिते :
मी हसले होते.

मेडिकलमधून नमुने यायचे ते आकडे होऊन.
जिभेची कड, गालाची आतली बाजू.
दोनशे चौदा सगळ्यांत गुणाचा निघाला,
त्याच्याच पट्ट्या छापून आल्या, आकृती तीन.
दौलत तेव्हा रजेवर होता.
परतला तो अर्धा जबडा घेऊन,
पाटीवर लिहून बोलायला लागला.
बाटल्या तशाच लख्ख.
तारखा जुळतात.
मी कधी विचारलं नाही.
आकड्यामागचं नाव विचारायचं नसतं,
हा नियम आहे.
सोयही.

आत्ता ती नळी माझ्या तळहातावर,
नखाएवढा अर्क.
पाच मिनिटांत पाणी झालं.

पल्लवी उके, माझी शेवटची विद्यार्थिनी,
नष्ट करायच्या नमुन्यांची यादी करतेय.
मॅडम, पुढचा?
दोनशे चौदा.
इथं नावाचा रकाना पण आहे.
राहू दे रिकामा, म्हटलं.
तिनं रेघ ओढायला पेन टेकवलं.

थांब, म्हटलं.