बिजासन ते हरणी

चौरसिया मॅडमनी सांगितलंय,
कुठलेही दोन विमानतळ घ्या,
अंतर काढा, उड्डाणाचा वेळ काढा,
रीत दाखवा.
वर्गातल्या बाकीच्यांनी दुबई घेतली, सिंगापूर घेतलं.
शलाकानं घेतलं इंदूर आणि बडोदा.
मी काही बोलले नाही. पोह्यांवर जिरावण भुरभुरत राहिले.

आधी पृथ्वीगोलावर दोरा लावून पाहिला,
शिवणाच्या डब्यातला, निळा.
दोन्ही गावं माझ्या एका नखाखाली गेली.
मग अक्षांश, रेखांश, साइन, कोसाइन,
वीस वर्षांत हात न लावलेलं सगळं,
आणि दोनदा चुकून एकदाचं उत्तर:
दोनशे एकोणसत्तर किलोमीटर.

"इतकंच?"

तिला हे अंतर वेगळं माहीत आहे.
रात्री गंगवाल स्टँड, मग धार, झाबुआ,
दाहोदला उलटीची पिशवी,
गोधऱ्याला कुणीतरी खिडकी उघडतं,
आणि उजाडता उजाडता बाबा,
एक हेल्मेट डोक्यावर, एक हातात.

"पृथ्वी गोल आहे त्याचा फरक किती पडतो?"
तोही काढला. वीस मीटर.
आपल्या दारापासून कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत.
एवढीच वाकलीय पृथ्वी
या दोन गावांच्या मध्ये.

आता वेळ.
ताशी आठशेनं वीस मिनिटं.
पण मॅडमचा नियम आहे,
वर चढायला आणि खाली उतरायला
अर्धा तास वेगळा धरायचा,
अंतर कितीही कमी असो.
हे वाक्य मी वहीत पुन्हा वाचलं.
पुष्करनं आणि मी केलेल्या हिशेबात
हा अर्धा तास कुणीच धरला नव्हता.

"आणि वारा?"
वरचा वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, मी म्हटलं.
जाताना तोंडावर, येताना पाठीवर.
म्हणजे बडोद्याला जायला जास्त वेळ,
परत यायला कमी.
"मला तर उलटं वाटतं,"
ती म्हणाली, आणि कितीतरी वेळ
खोडरबर शोधत राहिली.

मग खरं विमान शोधलं. थेट एकही नाही.
मुंबईला उतरा, साडेचार तास बसा,
मग पुन्हा वर चढा.
सगळे मिळून साडेसात तास, आणि पैसे असे
की आम्ही दोघी हसलो.
तेवढ्यात दिल्लीचं विमान
सुदामानगरच्या छपरांवरून खाली गेलं, बिजासनच्या टेकडीकडे,
आणि मांडणीतली ताटं किणकिणली, रोजच्यासारखी.
तिनं वहीत लिहिलं: पन्नास मिनिटं (विमान असल्यास).

रेखांशांची वजाबाकी तशीच उरली होती,
समासात, पेन्सिलीनं.
अडीच अंशांहून थोडी जास्त.
अंशाला चार मिनिटं.
ती बोटांवर काहीतरी मोजत होती
पण हे गृहपाठात विचारलेलं नव्हतं
म्हणून मी झोपायला लावलं.

सकाळी उठून पाहते तर ही गच्चीत,
फोन कानाला,
एका पायात शाळेचा मोजा, दुसरा उघडा.
"बाबा, उठा. आमच्याकडे आला सूर्य.
दहा मिनिटांत तुमच्याकडे पोचतोय."
तिकडून काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.
ती फोन ठेवेना.
मी कणीक भिजवली, हात धुतले,
घड्याळाकडे पाहिलं.
पाच मिनिटं झाली होती.
म्हणजे आता झाबुआ.