आतल्याला काय म्हणायचं

औलूत डिसेंबर. दुपारी दोनलाच खिडकी काळी.
प्रौढांच्या वर्गात नऊजण, त्यातले पाच
बंद पडलेल्या कागद कारखान्यातून आलेले,
बोटं अजून जाड, एकदम दोन कळा दाबणारी.

इर्मेलीने फळ्यावर एक लूप लिहिला,
त्याच्या पोटात दुसरा,
खडू तसाच हातात धरून विचारलं:
ह्या जोडीला म्हणायचं काय?

आई आणि मूल, एलिस म्हणाला. त्याला बस गाठायची होती.
वेइक्को म्हणाला, मूल एकदा जन्मतं, मग वाढतं.
हा आतला तर बाहेरच्याच्या दर पावलाला
परत शून्यावरून उठतो.
मागचं काही ठाऊक नसतं त्याला.

मग तासकाटा, मिनिटकाटा.
पण काट्यांत कोण कुणाच्या आत? दोघे एकाच खिळ्याला.
इंग्रजी पुस्तकात घरटं होतं;
अंडी कुठायत, कुणीतरी मागून विचारलं,
आणि हशा ओसरल्यावरही रेडिएटर टकटकत राहिला.

ताइमी बाकाखाली पायमोजा विणत होती.
फिन्निशमध्ये लूपला म्हणतात सिल्मुक्का,
सुईवरच्या टाक्यालाही तेच.
मान वर न करता ती बोलली:
फेरी बाहेरची, टाके आतले, फेरीला अठ्ठेचाळीस.
मधेच कुणी हाक मारली
की फेरी लक्षात राहते, टाका निसटतो.

इर्मेलीने लिहिलं: बाहेरचा, आतला.
साधेच शब्द. फळ्यावर मावले.

वेइक्को घरी आला, बुटांचा बर्फ झटकला,
गोळ्यांची डबी पुढ्यात ओढली.
सात वार, वाराला चार खण.
सोमवार भरला. मंगळवार भरला.
स्वयंपाकघरातून सिर्काने विचारलं, कोण आलंय?
त्याने नाव सांगितलं.
बुधवार. सकाळ, दुपार,
कोण आलंय?
त्याने नाव सांगितलं, पहिल्यांदाच सांगावं तसं.

गृहपाठात बाकी सगळ्यांनी आय आणि जे लिहिले होते.
वेइक्कोच्या बाहेरच्या लूपात मोजणारा होता वार,
आतल्यात सिर्का.
अठ्ठावीस ओळी छापून प्रोग्रॅम बिनचूक थांबला.
इर्मेलीने समासात लाल शाईने लिहिलं:
अर्थपूर्ण नाव दिलंत. असंच देत जा.