उजवीकडचा खिसा

बेलापूरच्या टेकडीखाली, कॉलेजच्या तळमजल्यावर,
खिडक्यांना काळा कागद चिकटवलेल्या खोलीत
टिपणीस मॅडम दर बुधवारी युरोप दाखवायच्या.
प्रोजेक्टर लाडकूमामांचा. म्हणजे कॉलेजचाच,
पण त्यांच्याखेरीज कोणाचं ऐकायचा नाही.

पडद्यावर उजवीकडून देवदूत यायचा,
पंख अजून पुरते न मिटलेला,
आणि डावीकडे ती मुलगी, पोथीत बोट अडकवून
जरा मागे सरकलेली,
भलत्या वेळी पाहुणा दारात उभा राहावा तशी.
आम्ही वहीत उतरवलं : निरोप उजवीकडून येतो.
पनवेलच्या फिरदौसनं तर बाणही काढला.

फेब्रुवारीत, लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात
तोच देवदूत
डावीकडून येताना सापडला.

मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला,
पदरानं पुसला, आणि पुन्हा घातलाच नाही.
लाडकूमामा म्हणाले, चौकट तुटली होती तिची,
मीच चिकटपट्टी लावून बसवली,
झाली असतील बारा वर्षं.
बारा वर्षांची पोरं उलटा निरोप घेऊन पास झाली
आणि कोणाचं काही अडलं नाही.

मग त्यांनी स्लाइड फिरवली.
खरं सांगते,
बरोबर चित्र आम्हाला चुकीचं वाटलं.
मुलगी आता दचकलेली दिसेना.
दिसली ती कधीची वाट बघत बसलेली.

त्याच आठवड्यात सिनेमाच्या तासाला शिकवलं :
दोन माणसांमधून एक रेषा जाते, न दिसणारी,
कॅमेऱ्यानं ती ओलांडायची नाही.
ओलांडलीत, तर घरून निघालेला माणूस
घरी परतताना दिसतो.

आमची रेषा दिसते.
तिच्यावर दुभाजक आहे, बोगनवेल आहे,
जोरात गेलात तर टिपणारा कॅमेराही आहे.
अलीकडे सारसोळे, पलीकडे खाडी,
आणि पहाटे जाळं खांद्यावर टाकून
बाबा ती ओलांडतात, दोन्हीकडे बघत,
पाण्यात शिरण्याआधीची ही पहिली भरती.
मी एकदा वाशीच्या बाजूनं शूट केलं, एकदा बेलापूरच्या.
एकात ते कामाला निघाले.
दुसऱ्यात परत आले.
जाळं दोन्हींत रिकामंच.

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली
माझ्या हातून निगेटिव्ह पालथी पडली.
कळलं ते घरी, प्रिंट वाळल्यावर :
दारात उभे बाबा, सदऱ्याचा खिसा उजवीकडे,
खिशात फोन, फोनला रबर.

आईनं हात पुसून फोटो घेतला.
"यो कोन? तुजा बाप नाय यो."
म्हणाली, भांग बघ, खांदा बघ,
असा कलतो का तो कधी?
बाबांनी लांब धरून पाहिला, मग जवळ.
"बराबर हाय," म्हणाले. "यो मीच."

पस्तीस वर्षं ती समोर बसून जेवलीय त्यांच्या.
त्यांनी स्वतःला पाहिलंय
ते दाढीपुरतं.

दुसरा प्रिंट मी काढला, सुलटा.
तो आईच्या कपाटात गेला.
उलटा बाबांनी भिंतीला लावला, स्वतः खिळा ठोकून,
डाव्या हातानं की उजव्या,
ते बघायचं राहिलं.

परीक्षेत प्रश्न आला :
चित्रातील दिशेचे महत्त्व स्पष्ट करा. गुण पाच.
देवदूताला मी दोन ओळींत उरकलं.
खिशावर दीड पान लिहिलं.
अडीच मिळाले. समासात लाल शाईनं,
मॅडमच्या तिरप्या अक्षरात, एकच शब्द :
संदर्भ?

सारसोळे, मॅडम.
मोरीजवळचा आरसा,
खालच्या डाव्या कोपऱ्यात पारा उडालेला.
डावा म्हणजे
माझ्या बाजूनं.