चार मिनिटं

पत्र आलं : एकोणतीस तारखेपासून
आपल्या सर्व्हरची देखरेख हैदराबादहून होईल,
त्याआधी एवढं एवढं तयार ठेवावं.
खाली यादी, यादीखाली एका मुलाचा नंबर.

मकरपुऱ्याच्या दूधसंघात मला सतरा वर्षं झाली.
सतरा वर्षं हे कपाटाएवढं यंत्र
मी कानाने सांभाळलं.
पंख्याचा सूर चढला की समजायचं,
डभोईकडचं दूध आज लवकर निघालंय.

आता बघणारा दुसरा.
त्याच्यासाठी नवा युजर काढला.
'पाहुणा' लिहिलं, खोडलं,
'राखणदार' लांब वाटलं,
शेवटी 'नजर'.
नजरेला सगळं दिसेल, हात दिले नाहीत.
कोजागिरीला दुधात चंद्र उतरतो ना,
पीत नाही, तेवढाच अधिकार.
फायरवॉलमध्ये एक दार, एकाच पत्त्यासाठी,
पिशवीचं टोक कात्रीने कापावं इतकंसं.

मग फोनवर तो मुलगा, प्रणीत त्याचं नाव,
हळू हळू हिंदीत :
नॉर्मल म्हणजे किती, मॅम?
किती टक्क्यांवर लाल दिवा लावू?
म्हटलं, सकाळी सहा ते साडेआठ लावूच नकोस.
संध्याकाळीही नको.
बॅकअप चालतो का तेव्हा?
नाही, म्हशी असतात.

तो गप्प.
अरे, साडेसहाशे गावांत एकदम धारा काढतात,
फॅट मोजतात, आकडे इकडे ढकलतात.
यंत्र धापा टाकतं. ते दुखणं नव्हे.
पौषात जास्त, वैशाखात कमी.
त्याच्या पडद्यावर याला रकाना नव्हता.
शेऱ्यात लिहिलं त्याने, मला वाचून दाखवलं :
म्हैस, दिवसातून दोनदा.

यादीत शेवटी घड्याळ.
तुमचं चार मिनिटं मागे आहे, मॅम,
जुळवल्याशिवाय आमच्या नोंदी बसणार नाहीत.

माहीत होतं मला.
चार्ज देताना जशुभाई म्हणाले होते,
बेन, सगळं बदला, घड्याळाला हात लावू नका.
कारण सांगितलं नव्हतं
आणि मीही विचारलं नव्हतं,
दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातलं काही हलवू नये तसं.

फोन केला. कारेलीबागेत असतात, ऐकू कमी येतं.
दोनदा सांगावं लागलं. मग हसले बराच वेळ.
ओरसंगच्या पलीकडे टीमलीपुरा, म्हणाले,
बायका शेतावरून वाळू तुडवत येतात,
साडेसातला हिशेब बंद
आणि शेवटच्या तिघींचं दूध रोज परत.
अर्ज केला वर. वरच राहिला.
"चार मिनिटमां संघनुं शुं लूंटाई जाय, बेन?"

म्हणजे सगळा संघ,
माझी सतरा वर्षं, त्यांची शेवटची नऊ,
पगारपत्रकं, टँकरच्या वेळा,
ऑडिटवाल्यांनी सही केलेली प्रत्येक रात्र
तीन बायकांच्या चालीने चालली होती.

घड्याळ जुळवलं. इलाज नव्हता.
पण आधी हिशेब बंद करणारी ती जुनी ओळ उघडली,
साडेसातच्या जागी सात चौतीस लिहिलं.
वर शेऱ्यात कारण,
गावाचं नाव, जशुभाईंचं नाव.
तिघींची नावं त्यांना आठवेनात.
एक म्हणे लंगडायची.

संध्याकाळी पावणेआठला प्रणीत :
हिरवा ठिपका आला, मॅम! दिसतंय सगळं.
फक्त, साडेसातनंतर एक नोंद पडलीय,
सात बत्तीसला. एरर आहे का?

कुठली, म्हटलं.
त्याने अक्षर अक्षर लावून गाव वाचलं.
दोन लिटर तीनशे.

एरर नाही रे.
पुढचा रकाना बघ, फॅटचा.
सहा पूर्णांक आठ, तो म्हणाला.
चांगलं दूध आहे, म्हटलं.